म्हातारी कोणत्या पानावर मेली

“म्हातारी कोणत्या पानावर मेली?”

सेलोकर सरांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाला आधी तो प्रश्न वाटलाच नाही. सर जूनमध्ये नव्याने कॉलेजात आलेले, अजून तिशीही न गाठलेले. खडूने पांढरे झालेले हात ते पँटला पुसत, म्हणून मागच्या बाकांवर त्यांची थट्टा चाले. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक्केचाळीस उत्तरांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. पाठ्यपुस्तकातल्या सातव्या कथेवर त्यांनी निबंध लिहून मागितला होता. “एक्केचाळीस जणांनी म्हातारीला मारलं आहे,” सर म्हणाले. “कोणी दुःखाने, कोणी उपासमारीने, एकाने तर हृदयविकाराने. मी काल कथा पुन्हा दोनदा वाचली, मला काही ती मेलेली सापडली नाही. माझ्या नजरेतून सुटलं असेल. पान सांगा.” मग पानांची फडफड सुरू झाली. बाहेरच्या गल्लीत पितळी भांड्यांवर हातोडे पडत होते, ते रोजच पडत, पण आज प्रत्येक ठोका मोजता येईल इतका वर्ग गप्प झाला. दुसऱ्या बाकावरच्या कुंताने पुस्तक उघडलंच नाही. ते उघडून उपयोग नव्हता. तिचं पुस्तक जुनं, तीन जणांच्या हातून आलेलं, आणि सातव्या कथेची शेवटची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यात कापायची राहून गेली असावीत. तीन वर्षांत तिघांपैकी कोणी ती कापली नव्हती, आणि चौथी ती. तिने त्या कडेवर अंगठा दाबून धरला. शेजारणीला दिसू नये म्हणून धरला.

लाज एवढ्याचीच असती तर संध्याकाळपर्यंत निवली असती. पण कुंता त्या म्हातारीसाठी रडली होती. खांब तलावाजवळच्या खोलीत, बरोबरच्या दोघी मुली बाजारात गेल्या असताना, “अखेर उपेक्षेच्या आघाताने या वात्सल्यमूर्तीची प्राणज्योत मालवते आणि वाचकाचे मन हेलावून जाते” हे वाक्य उतरवून घेताना तिचं मन खरोखर हेलावलं होतं, डोळ्यातून पाणी आलं होतं, आणि आपल्याला साहित्य कळतं असं वाटून ती स्वतःवर थोडी खूषही झाली होती. आता ते पाणी कुठून आलं होतं? जे घडलंच नाही त्यासाठी माणूस रडतो कसा? की रडायचं असतं म्हणून रडतो, मयतीला गेलेल्या बाया लांबच्या नात्यालाही गळा काढतात तसा? वर्गातून बाहेर पडताना मुलं हसत होती. म्हातारी वाचली रे, पेढे वाट, असं कोणी कोणाला म्हणत होतं. कुंताला हसू आलं नाही. ती आसगावची होती, आणि आसगावात मेलेल्याला जिवंत म्हणणं चालून जाई, जिवंताला मेलेलं म्हणणं चालत नसे.

हे सगळं बाबूलालच्या वहीतून आलं होतं. ही वही कॉलेजात पुस्तकापेक्षा थोर. दहा वर्षांपूर्वी बाबूलाल नावाच्या मुलाने, आता निवृत्त झालेल्या निंबार्ते सरांची व्याख्यानं शब्दन् शब्द उतरवून घेतली आणि त्या जोरावर पहिला वर्ग मिळवला. तेव्हापासून त्या वहीच्या नकला, नकलांच्या नकला, दर वर्षी जुलैत खालच्या वर्गाकडे उतरत. मूळ वही आता कोणी पाहिलेली नव्हती. कुंताकडची नकल तीन वर्षांपूर्वीच्या एका मुलीच्या हातची होती, गोल गोल अक्षरांची. वाचायचं वहीतून, लिहायचं वहीतून, परीक्षेतही तेच. पुस्तक हवं ते नुसतं वर्गात समोर ठेवायला. आणि हे पाप आहे असं कोणाला वाटत नसे. शेतात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, शेजाऱ्याकडून आणून लावले तरी धान आपलंच म्हणायचं असतं. कुंतालाही वाटलं नव्हतं. तिला तर वही म्हणजे वचन वाटे. बापाने, टिकारामने, तिला साफ सांगितलं होतं, “साठ टक्के आले त शिक पुढं. मास्तर मनते, साठ असले त एम.ए.ले घेते. नाही आले त कोंढ्याचे लोक थांबूनच राहिले आहेत.” कोंढ्याचे लोक म्हणजे चालून आलेलं एक बरं स्थळ, वीस एकर धान, मुलगा मॅट्रिक. वाईट काहीच नव्हतं त्यात. वाईट नव्हतं म्हणूनच त्याला नाही म्हणायला साठाशिवाय दुसरं कारण कुंताकडे नव्हतं. आणि साठ टक्के वहीत होते.

त्या दुपारी खोलीवर येऊन तिने केसातला आकडा काढला, जोडलेल्या पानांत घातला आणि वरची कड फाडली. कागद वाकडातिकडा फाटला. आत चार पानं होती, कोरीकरकरीत, बाकीच्या पुस्तकापेक्षा पांढरी. कथा तिला ठाऊकच होती: दोन मुलं घर वाटून घेतात, दोन चुली होतात, आईने एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवायचं ठरतं. न पाहिलेल्या पानांत ती म्हातारी एका दुपारी, महिना बदलायच्या दिवशी, ना इकडच्या ना तिकडच्या चुलीकडे जाते. पडवीत तीन दगड मांडते. गोवऱ्या आणते. माहेरचा गंज, भाताचं जुनं पातेलं, घासते. मग लिहिलं होतं: “तिने थांबून दोन शेर तांदूळ मोजले, धुतले, आणि आधणात टाकले.” त्यानंतर धूर होतो. आणि शेवटचं वाक्य: “धूर पाहून दोन्ही सुना बाहेर आल्या.” संपलं. ना प्राणज्योत, ना आघात. म्हातारीला काय वाटलं हे लेखकाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कुंताने पान उलटून पाहिलं, पलीकडे आठवी कथा सुरू झालेली. तिला आधी लेखकाचाच राग आला. एवढी चार पानं लपवून ठेवली होती आणि त्यात सांगितलं काय, तर भात शिजवला.

तिने निबंध पुन्हा लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी सगळ्यांना एक सरसकट शेरा देऊन गठ्ठा परत केला होता आणि वर्ग आठव्या कथेकडे निघूनही गेला होता. वहीत म्हातारी मरते हे बाकीच्या चाळीस जणांनी पेन्सिलीने खोडून “मृतवत् होते” असं करून टाकलं, काम भागलं. कुंताने आठ पानं लिहिली, जे वाचलं ते सगळं, दगड, गोवऱ्या, गंज, काही सोडलं नाही. सरांनी ती पानं दोन दिवसांनी परत दिली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, “कथा पुन्हा सांगितलीस. छान सांगितलीस. आता वाच.” ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, जिवावर उदार होऊन म्हणाली, “सर, वाचूनच लिहिलं.” सर म्हणाले, “हो, पण मला कथा ठाऊक आहे. तू कुठे अडलीस ते मला ठाऊक नाही.” ती अडली नव्हती. अडायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. लहानपणापासून तिला न अडता वाचता येतं म्हणून बक्षीस मिळालं होतं, शाळेत पाहुणे आले की तिला पुढे करत आणि ती धडा घडाघडा म्हणून दाखवी. न अडण्याचंच तर नाव हुशारी होतं. परत जाताना तलावाच्या काठाने ती भराभर चालत राहिली, आणि चालता चालता तिला जाणवलं की आपल्याला रडू येत नाहीये, राग येतोय, आणि हा राग बरा वाटतोय. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. अडून दाखवते.

त्या रागाच्या भरात ती बाबूलालला शोधायला गेली. तो सापडायला वेळ लागला नाही. बसस्टँडसमोर त्याचं कापडाचं दुकान होतं, पोट सुटलेलं, केस विरळ, गल्ल्यावर बसून तो लुगड्याच्या घड्या घालत होता. वहीचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला. “अजून चालते माही वही?” त्याने चहा मागवला. कुंताने विचारलं, “दादा, त्या सातव्या कथेतली म्हातारी तुमच्या वहीत मरते. काहून मरते?” बाबूलालने डोकं खाजवलं, बराच वेळ आठवलं, आणि मग त्याला असं काही हसू आलं की घडी सुटली. “अवं, त्या हप्त्यात मी घरी गेलतो. करडीले. धान कापाचं होतं, बाबा एकटेच. शेवटलं लेक्चर सुटलं माहं. मंग मीच लिवलं शेवट.” “पुस्तकात पाहून?” “पुस्तक कोनाजवळ होतं? मनलं, मातारी आहे, पोरं पाहत नाही, मरन नाही त का करन.” तो हे इतक्या निर्मळपणे म्हणाला की त्याच्यावर चिडताही येईना. करडीच्या बांधीत, धानाच्या शेतात, कापणी करून थकलेला एक मुलगा कंदिलाशी बसला, आणि त्याने एका ओळीत एका बाईचा जीव घेतला. पुढे दहा वर्षं चारशे मुलांनी तिला खांदा दिला. तिची कोणाला खंत नव्हती, कारण तिला कोणी भेटलंच नव्हतं. निघताना बाबूलाल म्हणाला, “पन मले त्याच्यावर पंधरा मार्क भेटले होते, हे ध्यानात ठेवजो.” कुंताने ते ध्यानात ठेवलं. ते विसरता येण्यासारखं नव्हतंच.

शनिवारी ती आसगावला गेली. घरात आई, सीताबाई, भाजी निवडत होती, बाप बांधीवर. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, कौलाच्या उतरत्या छपराखाली मोठी आई राहायची, चंद्रभागाबाई, मोठ्या काकांची बायको. काका गेले त्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, तिने आपली चूल वेगळी केली होती. घरातली भाषा अशी की ती रागात वेगळी झाली. टिकाराम तिच्याशी बोलत नसे, तिचं नावही घेत नसे. तिचा विषय निघाला की “तिकडं” एवढंच म्हणे. आई मात्र वाटीभर काहीतरी पदराआड नेऊन ठेवी. कुंता पुस्तक घेऊन सांदवाडीत गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिला नुसतं कोणालातरी ती कथा मोठ्याने वाचून दाखवायची होती, आपण कुठे अडतो ते पाहायला. मोठी आई सुपात तांदूळ घोळत बसली होती. कुंता वाचत गेली, सूप हलत गेलं, आणि मग एका जागी सूप थांबलं.

“का मनलंस? किती?”

“दोन शेर.”

“एकट्या मातारीले दोन शेर?”

कुंताने पुन्हा वाचलं. दोन शेरच होतं. ती ते वाक्य दहा वेळा वाचून पुढे गेली होती. रोज ज्या घरात भात शिजतो त्या घरची पोर ती, एका माणसाला किती तांदूळ लागतो हे तिच्या हाताला झोपेतही ठाऊक. पण पुस्तकातले तांदूळ तिने कधी तांदूळ म्हणून पाहिलेच नव्हते. ते कथेतले तांदूळ, त्यांना वजन कशाला असेल. “दोन शेरात त धा मानसं जेवतीन,” मोठी आई म्हणाली. मग तिने बोटांवर मोजलं, दोन पोरं, दोन सुना, त्यांची लेकरं किती सांगितली? पाच. आणि ती. “पुरं घर,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलायला लागलं. “मंग आले का जेवाले?” कथा तिथेच संपते, कुंता म्हणाली, सुना बाहेर येतात आणि संपते.  “बरं केलन,” मोठी आई म्हणाली, “सांगतलन असतं त खोटं वाटलं असतं.” कुंताला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. “मोठी आई, तू वेगळी झालीस, त्या दिवशी तू किती टाकले होते?” म्हातारीने सुपातले खडे वेचून बाहेर टाकले, एक, दोन, तीन. “मी? एक मूठ,” ती म्हणाली. “मले मालूम होतं कोनी येत नाही.” हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच कुंताला सोसलं नाही. सहा वर्षं ती या सांदवाडीतून विहिरीवर गेली होती, आली होती, घरी असताना रोज तो धूर पाहिला होता, आणि एकदाही त्या चुलीपाशी येऊन पाहिलं नव्हतं.

तिसरा निबंध दीड पानाचा झाला. त्यात तिने एवढंच लिहिलं, की ही म्हातारी रुसून वेगळी चूल मांडत नाही. ती दोन शेर टाकते, म्हणजे अख्ख्या घराला जेवायला बोलावते, आणि कथेतलं दुःख ती मरते यात नसून तिला अजून आशा आहे यात आहे. सरांनी तो तिच्यासमोर उभ्याउभ्याच वाचला. वाचून खाली ठेवला, पुन्हा उचलला. “हे मला दिसलं नव्हतं,” ते म्हणाले. कुंताच्या अंगावरून मोरपीस फिरलं. पण लगेच ते म्हणाले, “आता मी तुझ्याशी भांडतो. चाळीस वर्षं जी बाई दोन शेर टाकत आली, तिचा हात सवयीने दोन शेरच घेणार. बोलावणं कसलं? विसर पडलाय तिला, की आता ती एकटी आहे. मग?” कुंताला तोंडात मारल्यासारखं झालं. असं असू शकतं हे खरंच होतं. असंच असेल तर तिचं दीड पान फुकट. ती खोलीवर गेली आणि तीन दिवस त्या एका परिच्छेदाशी बसली. सोबतच्या मुली हसल्या, म्हणाल्या, कुंता आता दोन शेर तांदूळ शिजेपर्यंत उठत नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती खोलीतला तांदूळ मोजत होती, तिघींचा, रोजचा, डोक्यात भलताच विचार, आणि हात आपोआप डब्यात गेला आणि बाहेर आला. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पुस्तक काढलं. “तिने थांबून दोन शेर तांदूळ मोजले.” थांबून. तिने ते वाक्य सरांना नेऊन दाखवलं आणि म्हणाली, “सर, सवयीचा हात थांबत नाही.”  सर पँटला हात पुसत म्हणाले, “हं. हरलो.” त्या दिवशी तलावाच्या काठाने जाताना तिला जे वाटलं ते आनंदापेक्षा भारी होतं. कोणी दिलेलं नाही असं काहीतरी आपल्यापाशी आहे, आणि ते कोणी मागून घेतलं तरी आपण ते सोडणार नाही, असं काहीसं. एक शब्द वाचला होता तिने. पण तो तिने स्वतः वाचला होता.

मार्चमध्ये विद्यापीठाची परीक्षा झाली. मराठीच्या दुसऱ्या पेपरात तिसरा प्रश्न वीस गुणांचा होता, त्याला पर्याय नव्हता: “सातव्या कथेतील म्हातारीच्या मृत्यूमुळे कथेला लाभलेली शोकात्म उंची विशद करा.” कुंताने तो वाचला, पुन्हा वाचला. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या आणि पेनं चालायला लागली होती. पेपर काढणारे कोण, कुठले, ठाऊक नव्हतं. पण वही त्यांच्यापर्यंत पोचली होती एवढं कळत होतं. कदाचित तेही कधी काळी कुठल्या बाकावर बसून “प्राणज्योत मालवते” लिहून पहिल्या वर्गात आले असतील. आंधळ्याच्या मागे आंधळा, आणि पुढचा आंधळा मार्क देणारा. ते वहीतलं उत्तर कुंताला तोंडपाठ होतं, अर्ध्या तासात लिहून झालं असतं, पंधरा गुण खिशात. तिने हिशोब केला, आणि हिशोब स्वच्छ होता: बाकीचे पेपर बरे गेले होते, साठाची वेस या प्रश्नातून जात होती. ती भ्यायली. कोंढ्याचं अंगण, वीस एकर, कपाळभर पदर, सगळं डोळ्यांपुढे आलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. एकदा खोटं लिहून पुढे जन्मभर खरं वाचता येईल, असंही तिच्या मनाने तिला समजावलं, आणि ते बोलणं शहाणपणाचं होतं. पण लिहायचं कसं? बाकीच्यांना ते लिहिणं सोपं होतं, त्यांना म्हातारी भेटली नव्हती. कुंताने तिला थांबलेलं पाहिलं होतं. तिने पेन उचललं आणि पहिली ओळ लिहिली: “प्रश्नात गृहीत धरले आहे त्याप्रमाणे या कथेतील म्हातारी मरत नाही.”  तिने दोन शेर लिहिले, थांबणं लिहिलं, सरांनी घेतलेली हरकत लिहिली आणि तिचं उत्तर लिहिलं, आणि शेवट का उघडा ठेवला आहे ते मोठ्या आईच्या शब्दांत पण पुस्तकी भाषेत लिहिलं. पुरवणी मागितली. बाहेर आल्यावर मुलं पेपर सोपा होता म्हणत होती.

निकाल जूनमध्ये लागला. साडेअठ्ठावन टक्के. बाकी सगळ्या पेपरांत साठाच्या वर, आणि त्या एका पेपरात एक्केचाळीस. कुंता आसगावला उतरली तेव्हा टिकाराम बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा होता, पऱ्ह्यासाठी जमीन ओली करायचं चाललं होतं. ती सरळ तिकडेच गेली, घरी चप्पल काढायलाही थांबली नाही.

“किती?”

“साडेअठ्ठावन.”

टिकारामने मान हलवली, जणू भाव ऐकला. “दीड कमी पडले.”

“पडले नाही, बाबा. मी सोडले.” आणि तिने सगळं सांगितलं, धुऱ्यावर उभ्याउभ्या, प्रश्न काय होता, वहीत काय होतं, तिने काय लिहिलं. टिकाराम शाळा सातवीपर्यंत शिकलेला माणूस. तो ऐकत राहिला, आणि एक एक गोष्ट फावड्याने उकरावी तशी विचारत गेला.

“त्याइले कोनतं उत्तर पायजे होतं, हे तुले मालूम होतं?”

“होतं.”

“थे तुले येत होतं?”

“पाठ होतं.”

“तरी नाही लिवलं.”

“नाही.”

“एका पुस्तकातल्या मातारीपायी.” त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याला काही उमजत नव्हतं. “तिचं का बिघडत होतं गा पोरी? थे का पाहाले येत होती?”

“ती जित्ती आहे, बाबा,” कुंता म्हणाली. “जित्त्या मानसाले मेली मनून कसं लिवू?”

टिकारामने तिच्याकडे पाहिलं नाही. तो घराकडे पाहत होता, जिथे मागच्या बाजूने, सांदवाडीतून, बारीक धूर वर चढत होता. या वेळेला तो रोजच चढे. तो इतका वेळ पाहत राहिला की कुंताला वाटलं, आपण काय म्हणालो ते त्याला ऐकूच गेलं नसावं. पाण्याचा पाट भरून दुसरीकडे वाहायला लागला तरी त्याने तो बांधला नाही.

“आता?” शेवटी तो म्हणाला.

“पुढच्या साली त्याच पेपरले पुन्हा बसता येते. मी बसीन.”

“आनं सवाल तोच आला त?”

“त उत्तर बी तेच.”

“आनं त्याइनं पुन्हा एक्केचाळीसच देल्ले त?”

तिने धुऱ्याच्या कडेला चपलेचा चिखल पुसला.  “त मंग त्याच्या पुढच्या साली,” ती म्हणाली. “मले दुसरं लिवता येत नाही आता.”

टिकाराम खाली वाकला, दोन ढेकळं उचलून त्याने पाटाचं तोंड बांधलं, हात धुतले. “कोंढ्याच्या लोकाइले का सांगू मंग?”

“सांगा, पोरीचं वाचनं अजून झालं नाही.”

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ त्याने कोंढ्याला निरोप धाडला, तिचेच शब्द, एकही न बदलता. आणि त्या संध्याकाळी, सहा वर्षांनी पहिल्यांदा, तो रिकामं ताट घेऊन सांदवाडीत गेला आणि चुलीसमोर जाऊन बसला. म्हातारीने वर पाहिलं नाही. ती उठली, आणि तिने गंजात आणखी तांदूळ टाकले.